तीन बोटांची जागा

आमच्या मुरबाड तालुक्यात लग्न ठरलं की 'सुपारी फुटली' म्हणत. दोन्हीकडचे चार जाणते ओटीवर बसायचे, सुपारी फोडायचे आणि शब्द पक्का व्हायचा. माझी सुपारी आजीच्या ओटीवर फुटली. आजीची चंची खणाची होती. एका कप्प्यात पानं, दुसऱ्यात कात-सुपारी, तिसऱ्यात तंबाखू आणि चुन्याची डबी. अडकित्ता म्हशाच्या यात्रेतून घोंगडीबरोबर आणलेला. त्याने ती हरभऱ्याच्या डाळीएवढं खांड कातरायची, तेही जेवणानंतर. सकाळी तव्यावर मिश्रीची तंबाखू भाजायला घेतली की ठसका लागून आम्ही पोरं अंगणात पळायचो.

पुढे आरोग्यसेविका झाले आणि त्या पिढीची तोंडं बॅटरी धरून पाहिली. पांढरे चट्टे होते, कॅन्सरही होते. तंबाखूने आमच्या बायकांचं भलं कधीच केलं नाही. पण तोंड आवळत जाऊन मिटू लागलंय, असं त्या म्हाताऱ्यांत मला क्वचितच दिसलं. माळशेज चढला की पुणे जिल्हा लागतो. तिथेही तीच मिश्री, तीच चंची. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी त्या जिल्ह्यातल्या 1,01,761 गावकऱ्यांची तोंडं तपासली. 1972 साली त्यांचा अभ्यास छापून आला. हे आवळलेलं तोंड त्यांनाही फार थोड्यांत सापडलं.

आजार मात्र डॉक्टरांच्या ओळखीचा झाला होता. 1952 साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय बायकांमध्ये तो पाहिला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचं वर्णन केलं आणि 'सबम्युकस फायब्रोसिस' हे नाव रूढ झालं. तोंडाच्या अस्तराखाली होणाऱ्या बदलांचा सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने अभ्यास केला तो डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट यांनी, 1966 साली.

मग पुडी आली. 1970 नंतर पानमसाला कारखान्यात तयार होऊ लागला आणि पुढे टपऱ्यांवर पुड्यांच्या माळा लटकल्या. पान वाळतं, पुडी वाळत नाही. तिला अडकित्ता लागत नाही, ओटी लागत नाही, वडीलधाऱ्यांसमोर बसावं लागत नाही. सुपारी शेकडो वर्षं आमच्याकडे होतीच. तिची वेळ आणि तिचं माप तेवढं सुटलं.

माझा धाकटा भाऊ कल्याण-मुरबाड जीप चालवायचा. झोप येऊ नये म्हणून गालात पुडी. चौतिसाव्या वर्षी म्हणाला, "ताई, बोंबलाची चटणी झोंबते गं." मी बॅटरी मारली. गाल आतून पांढुरके, हात लावला तर दोऱ्या ताणल्यासारखे. तांदळाच्या भाकरीचा घास तो चिमटीने चपटा करून सारायचा.

आत काय होतं, हे मी प्रशिक्षणात शिकले आणि भावाला समजावलं. सुपारीतलं अ‍ॅरेकोलीन अस्तराला रोज डिवचतं. तिथल्या पेशी टीएनएफ, आयएल-6 अशा रेणूंमधून धोक्याचा निरोप धाडतात आणि सूज येते. टीजीएफ-बीटा नावाचा निरोप तंतू विणणाऱ्या पेशींना सांगतो, कोलॅजन घाला, जखम भरा. जखम भरली की हे विणकाम थांबायला हवं. पण पुढची पुडी आलेली असते, निरोप चालूच राहतो. विणकामाला आवर घालणारं इंटरफेरॉन-गॅमा कमी पडतं. सुपारीतलं तांबं तंतूंची वीण आणखी घट्ट करतं, आणि तिच्यातल्या तुरट द्रव्यांमुळे ते तंतू विरघळेनासे होतात. शरीर स्वतःला वाचवायला धडपडतं आणि त्या धडपडीतच तोंड शिवलं जातं. हे सांगताना आजही माझा गळा दाटतो.

भावाने पुडी सोडली. गालात इंजेक्शनं घेतली, आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरून रोज व्यायाम केला. झोंबणं गेलं. तोंड मात्र दोन बोटांच्या वर उघडलं नाही. एकदा पडलेली वीण सहसा उसवत नाही. शिवाय कॅन्सरची टांगती तलवार असतेच. एर्नाकुलम जिल्ह्यात अशा 66 रुग्णांवर 17 वर्षं लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा पाच जणांना, म्हणजे दर शंभरी सातआठ जणांना, कॅन्सर झाला. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 च्या ग्रंथात स्पष्ट लिहिलं आहे.

महाराष्ट्राने 2002 साली गुटख्यावर, म्हणजे तंबाखू घातलेल्या पानमसाल्यावर, बंदी घातली, ती 2004 साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. 2012 साली नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा घातली. तरी शाळेच्या कुंपणाशी रिकाम्या पुड्या मी अजून वेचते.

म्हणून एक मागणं आहे. आज जेवायला बसण्याआधी घरातल्या पोरांना सांगा, तोंड उघडून आपलीच तीन बोटं उभी दातांमध्ये घाला. मावली नाहीत, किंवा पोरगं ताटातलं तिखट बाजूला सारत असेल, तर त्याला न रागावता त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे घेऊन जा.