खाणीनंतरची झुडपे

अमेरिकेत उघड्या खाणीतून कोळसा काढून झाल्यावर ती जमीन पूर्ववत करून देणे खाणमालकावर कायद्याने बंधनकारक आहे. ३ ऑगस्ट १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या स्वाक्षरीने हा कायदा झाला. खाण सुरू होण्यापूर्वीच मालकाला तारण ठेवावे लागते आणि जमीन ठरलेल्या कसोट्यांना उतरल्याखेरीज ते पूर्णपणे सुटत नाही. वायोमिंग राज्यातील पावडर रिव्हर खोऱ्यात यांपैकी अवघड कसोटी ठरली आहे ती झुडपांची.

या कोरड्या प्रदेशाची ओळख म्हणजे करड्या पानांचे ‘सेजब्रश’ हे झुडूप. ‘सेज ग्राऊज’ हा पक्षी हिवाळ्यात जवळजवळ केवळ त्याच्या पानांवर जगतो. प्रॉन्गहॉर्न हरणांचाही ते आधार आहे. मात्र खाण बुजवून, वरची माती परत पसरून केलेल्या पेरणीत गवत लवकर माजते आणि सेजब्रश मागे पडते. त्याचे बी अतिशय बारीक असते. खोल गेल्यास ते उगवत नाही. उगवलेली रोपे गवताशी स्पर्धेत ओलाव्याअभावी मरतात किंवा हरणे खुडून टाकतात.

म्हणूनच मोजणीला महत्त्व आहे. ऑगस्ट १९९६ नंतर खाणकाम झालेल्या पात्र जमिनीपैकी २० टक्के क्षेत्रावर दर चौरस मीटरला सरासरी एक झुडूप असावे, असा वायोमिंगचा दंडक आहे. मोजणीच्या जागा यदृच्छेने निवडतात, म्हणजे चांगली वाढ असलेलाच भाग पाहण्याचा मोह टळतो. तेथे ठरावीक लांबीरुंदीचे पट्टे आखून त्यांत मूळ धरलेले प्रत्येक झुडूप जातीनुसार नोंदवले जाते. काही नमुन्यांवरून काढलेली ही सरासरी ९० टक्के विश्वासपातळीवर तपासली जाते. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांची मदत होते. परंतु गवतात दडलेली वीतभर रोपे त्यांत सहसा दिसत नाहीत.

वर्षाला २६ इंच (६६० मिलिमीटर) किंवा त्याहून कमी पर्जन्य असलेल्या भागांत मालकाची जबाबदारी किमान १० वर्षे राहते. ही मुदत शेवटची पेरणी, खत वा सिंचन झाल्यानंतर मोजली जाते. अपयश उशिरा लक्षात येऊन पुन्हा पेरावे लागले, तर मुदतही नव्याने सुरू होते. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांतील नोंदी मालकाच्याही हिताच्या असतात.

तथापि संख्या पुरी झाली म्हणजे अधिवास परतला असे नव्हे. बर्फाखाली गाडली जाणारी ठेंगणी झुडपे दंडकात मोजली जातात, पण भर हिवाळ्यात पक्ष्याच्या चोचीला लागत नाहीत. झुडपांच्या संख्येबरोबर त्यांची उंची आणि विस्तारही नोंदवला, तरच कागदावरचे यश आणि माळावरचे यश यांतील अंतर कळू शकते.