एका पेनीची भीति

१८४६ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत लंडन शहरांत 'रेनॉल्ड्सेस मिसलेनी' नांवाचें एक नवें साप्ताहिक निघालें. किंमत अवघी एक पेनी. पहिल्याच अंकांत एका कादंबरीचा आरंभ होता. जर्मनीतील काळ्या अरण्याच्या कडेला एक झोपडी आहे. बाहेर वादळ सुटलें आहे. आंत नव्वद वर्षांचा एक म्हातारा एकटाच बसला आहे, कारण एकुलता आधार असलेली नात त्याला सोडून गेली आहे. इतक्यांत एक अनोळखी पाहुणा आंत येतो आणि म्हाताऱ्याला तारुण्य, सौंदर्य व संपत्ति देऊं करतो. मोबदला एवढाच कीं, दर महिन्याच्या अखेरच्या दिवशीं सूर्य मावळतांच त्यानें लांडग्याचें रूप घ्यावें आणि दुसऱ्या दिवशीं सूर्य उगवेपर्यंत रानोमाळ धांवत सुटावें. भुकेनें, थंडीनें आणि एकटेपणानें गांजलेला तो म्हातारा 'हो' म्हणतो. ही 'वॅग्नर, दि वेअर-वुल्फ' या कादंबरीची सुरुवात. पुढचे कित्येक महिने लंडनचे वाचक दर आठवड्याला एक पेनी मोजून या लांडग्याच्या मागें धांवत होते.

या कादंबरीचा कर्ता जॉर्ज विल्यम मॅकआर्थर रेनॉल्ड्स. इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांत इतका वाचला गेलेला आणि इतका धिक्कारला गेलेला लेखक क्वचितच सांपडेल. १८७९ सालीं तो वारला तेव्हां पुस्तकविक्रेत्यांच्या 'दि बुकसेलर' या पत्रानें त्याला आपल्या काळांतील सर्वांत लोकप्रिय लेखक म्हटलें आणि त्याच्या खपापुढें डिकन्स व थॅकरे यांचाहि खप कमी ठरविला. असें असूनहि प्रतिष्ठित घरांतील दिवाणखान्यांत त्याचें नांव उच्चारणें शिष्टसंमत नव्हतें. एकाच लेखकाविषयीं दोन टोकांचीं मतें कां व्हावींत, आणि त्यांत खरा न्याय कोणता, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना झाला तरी शिळा झालेला नाहीं.

रेनॉल्ड्सचा जन्म १८१४ सालीं केंट परगण्यांतील सॅन्डविच या गांवीं झाला. वडील आरमारांत अधिकारी होते. मुलानेंहि तलवार धरावी म्हणून त्याला सॅन्डहर्स्टच्या लष्करी विद्यालयांत घातलें. पण १८३० सालीं तें सोडून तो लवकरच फ्रान्समध्यें गेला. तेथें नुकतीच राज्यक्रांति होऊन एक राजा पदच्युत झाला होता. पॅरिसच्या हवेंत त्यानें दोन गोष्टी उचलल्या: एक लोकसत्तेचें वेड आणि दुसरें फ्रेंच कादंबरीचें. इंग्लंडला परत आल्यावर त्यानें 'पिक्विक अब्रॉड' लिहिली. डिकन्सच्या पिक्विकसाहेबांना परस्पर फ्रान्सच्या सफरीवर नेणारी ही कादंबरी म्हणजे उघड उघड उसनवारी होती, आणि डिकन्सच्या मनांतील अढी येथूनच पडली असावी.

खरी कीर्ति आली ती १८४४ पासून. युजेन स्यू या फ्रेंच कादंबरीकाराच्या 'पॅरिसचीं रहस्यें' या कथेनें युरोप वेडावला होता. तोच सांचा घेऊन रेनॉल्ड्सनें 'मिस्टरीज ऑफ लंडन' सुरू केली. हिचे हप्ते दर आठवड्याला निघत. आठ पानांचा, दोन रकान्यांत दाट छापलेला हप्ता, वर एक लाकडी ठशाचें चित्र, आणि किंमत एक पेनी. आठवड्याचा खप चाळीस हजारांच्या घरांत होता असें सांगतात. या व्यवसायाचा नियम कडक होता. दर हप्त्यांत चित्राजोगा एक तरी प्रसंग हवा, आणि शेवटच्या ओळीशीं वाचकाचा श्वास अडकला पाहिजे, नाहीं तर पुढच्या आठवड्याची पेनी दुसऱ्याच्या गल्ल्यांत जाईल. या चक्राला जुंपून घेऊन रेनॉल्ड्सनें सुमारें पंधरा-सोळा वर्षांत तिसांहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत 'फाउस्ट', 'वॅग्नर' आणि 'नेक्रोमॅन्सर' या सैतानाशीं केलेल्या करारांच्या व काळ्या विद्येच्या कथा. त्यांतच 'मिस्टरीज ऑफ दि कोर्ट ऑफ लंडन' ही राजदरबाराचीं कुलंगडीं बाहेर काढणारी, आठ वर्षें चाललेली प्रचंड मालिका.

हें सारें वाचीत कोण होतें? याचें उत्तर हेन्री मेह्यू यानें लिहून ठेवलें आहे. १८५१ च्या सुमारास लंडनमधील गरिबांच्या राहणीची पाहणी करतांना तो रस्त्यांत भाजी-फळें विकणाऱ्या फेरीवाल्यांत गेला. त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. दिवसाचा धंदा आटोपला कीं, ते वाचतां येणाऱ्या एखाद्या सोबत्याभोंवतीं गोळा होत आणि तो मोठ्यानें वाची. त्यांना सर्वांत प्रिय रेनॉल्ड्सचीं नियतकालिकें, विशेषतः राजदरबाराचीं रहस्यें. ज्यांना अजिबात वाचतां येत नसे तेहि चित्रासाठीं अंक घेत आणि चित्राखालीं काय लिहिलें आहे हें कोणाला तरी विचारून घेत. वाचणाऱ्याला ते मधेंच थांबवीत, प्रश्न विचारीत, बड्या लोकांच्या प्रेमप्रकरणांवर शेरे मारीत. मेह्यूच्या टिपणांत एक गोष्ट फार मोलाची आहे. लॉइड नांवाच्या दुसऱ्या प्रकाशकाच्या रक्तबंबाळ कथांचा या लोकांना कंटाळा आला होता. म्हणजे नुसतें रक्त त्यांना पुरत नव्हतें. रेनॉल्ड्समध्यें त्यांना आणखी कांहीं मिळत होतें.

तें आणखी कांहीं म्हणजे काय, हें समजण्यासाठीं 'मिस्टरीज ऑफ लंडन'मधील अँथनी टिडकिन्स या पात्राकडे पाहावें. त्याचा धंदा थडगीं उकरून प्रेतें चोरण्याचा. आजच्या वाचकाला हें लेखकाच्या विकृत कल्पनेचें फळ वाटेल. पण लंडनच्या गरिबाला तें अगदीं जवळचें वास्तव होतें. शरीरशास्त्राच्या विद्यालयांना चिरफाडीसाठीं प्रेतें हवीं असत आणि त्यांना चांगली किंमत येई. १८२८ सालीं एडिंबरोमध्यें बर्क व हेअर या जोडीनें जिवंत माणसें मारून त्यांचीं प्रेतें विकल्याचें उघडकीस आलें. १८३१ सालीं लंडनमध्येंहि तसाच गुन्हा घडून बिशप व विल्यम्स हे फांसावर गेले. त्यावर १८३२ सालीं पार्लमेंटनें कायदा केला. गरिबांच्या आश्रयगृहांत मेलेल्या आणि कोणी दावा न सांगितलेल्या माणसांचीं प्रेतें यापुढें विद्यालयांना देतां येऊं लागलीं. त्यामुळें थडगीं उकरण्याचा धंदा बसला, परंतु गरिबाची भीति बसली नाहीं. ती सरकारमान्य झाली. ज्याला आयुष्यभर आश्रयगृहाचें दार चुकवायचें होतें, त्याला टिडकिन्सची सावली पानावर पडतांच कां शहारे येत, हें निराळें सांगायला नको. शिवाय हा टिडकिन्स जन्मतः राक्षस नाहीं. रेनॉल्ड्स त्याच्या तोंडून त्याची पूर्वकथा वदवितो, आणि प्रतिष्ठितांनीं लाथाडून लाथाडून त्याला कसें या थराला आणलें तें दाखवितो. दुसऱ्या एका गुन्हेगार स्त्रीची कहाणी कोळशाच्या खाणींतील बालमजुरांच्या अंधारांत सुरू होते. वॅग्नरचा म्हातारा तरी काय करतो? दारिद्र्य आणि वार्धक्य यांना भिऊन तो लांडगा होणें पत्करतो. रेनॉल्ड्सच्या भुतांना पोटें आहेत, आणि तीं बहुधा रिकामीं असतात.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे विरोधकांचा संताप अधिक समजतो. ६ मार्च १८४८ रोजीं ट्रॅफल्गार चौकांत प्राप्तीवरील कराविरुद्ध सभा भरावयाची होती. सरकारनें मनाई केली, सभेचा योजक मागें सरला, आणि जमलेल्या हजारों लोकांपुढें अध्यक्ष म्हणून उभा राहिला तो रेनॉल्ड्स. त्या दिवसापासून तो सर्व पुरुषांना मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीचा एक पुढारी झाला. ज्याचे पेनी-अंक झोपडपट्ट्यांत मोठ्यानें वाचले जात, तोच आतां चौकांत भाषणें करूं लागला. १८५० सालीं डिकन्सनें 'हाउसहोल्ड वर्ड्स' हें साप्ताहिक काढलें, तेव्हां पहिल्याच अंकांत त्यानें, नांव न घेतां, हीन प्रवृत्तींना खतपाणी घालणाऱ्या क्रांतिभक्त लेखकांवर कोरडे ओढले. रोख कोणावर आहे हें सर्वांना कळलें. रेनॉल्ड्सनेंहि आपल्या वृत्तपत्रांतून डिकन्सला सरदारांच्या झग्याला लोंबकळणारा ठरवून उसनें फेडलें. गंमत अशी कीं, गरिबांविषयींचा कळवळा या दोघांच्याहि लेखणींत होता. डिकन्सला श्रीमंतांचें हृदयपरिवर्तन हवें होतें. रेनॉल्ड्सला श्रीमंतच नको होते.

मात्र रेनॉल्ड्सवरील सगळे आक्षेप भीतीपोटीं आलेले होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्याच्या कादंबऱ्यांत योगायोगांची खैरात आहे. एका हप्त्यांत मेलेला माणूस पुढें जिवंत होऊन येतो. अनीतीचा निषेध करतां करतां लेखक तिचें इतकें रसभरित वर्णन करतो कीं, निषेध हा केवळ परवाना ठरावा. विवस्त्र सौंदर्याचीं चित्रें आणि खालीं नीतिपाठ, हा त्याचा नेहमींचा थाट. मद्यपानाविरुद्ध पत्र चालविलेला हा गृहस्थ त्या मतावरहि फार काळ टिकला नाहीं. त्याच्या प्रामाणिकपणाविषयीं उच्चभ्रूंनाच संशय होता असेंहि नाहीं. १८५८ सालीं कार्ल मार्क्सनें एंगल्सला लिहिलेल्या पत्रांत त्याला लबाड, पण पैसेवाला आणि धूर्त धंदेवाला म्हटलें आहे. श्रीमंतांना तो क्रांतिकारक वाटे आणि क्रांतिकारकाला व्यापारी. बहुधा तो दोन्ही होता. पण व्यापार म्हणावा तर १८५० सालीं त्यानें काढलेलें रविवारचें वृत्तपत्र, नांवें आणि मालक बदलत कां होईना, १९६७ पर्यंत श्रमिकांच्या बाजूनें चालत राहिलें. केवळ धंद्याच्या कसबावर एवढें आयुष्य लाभत नसतें.

या कथेचा एक धागा थेट आपल्या घरापर्यंत येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रेनॉल्ड्स हिंदुस्थानांत अतोनात वाचला गेला. शिक्षणखात्यानें शेक्सपियर व मिल्टन नेमले. वाचनालयांत मागणी आली ती रेनॉल्ड्सची. बंगाली, हिंदी, उर्दू, तामिळ, मराठी अशा अनेक भाषांत त्याचीं भाषांतरें व रूपांतरें झालीं. लहानपणीं त्याच्या उर्दू भाषांतरांचें आपल्याला कसें वेड होतें, हें प्रेमचंदांनीं स्वतः लिहून ठेवलें आहे. मराठींत १८८५ सालीं एकवीस वर्षांच्या हरि नारायण आपट्यांनीं 'मधली स्थिति' ही आपली पहिली कादंबरी लिहिली, ती रेनॉल्ड्सच्याच एका लंडन-रहस्याच्या आधारानें. पुढें 'पण लक्षांत कोण घेतो' लिहिणारा हात पहिली बाराखडी गिरवायला या पेनीवाल्याच्या पाटीवर बसला होता. टीकाहि येथें झाली. १९०२ सालच्या 'कादंबरी' या निबंधांत इतिहासाचार्य राजवाड्यांनीं, युरोपांतील थोर कादंबरीकार सोडून रेनॉल्ड्ससारख्यांच्या मागें लागणाऱ्या अभिरुचीविषयीं नापसंती दर्शविली. राजवाड्यांचा तक्रार करण्याचा अधिकार मोठा होता आणि तक्रारींत तथ्यहि होतें. पण येथल्या वाचकाला त्या कादंबऱ्यांत काय गवसलें असावें, याचाहि विचार व्हावयास हवा. जे साहेब येथें नीतीचे व सुधारणेचे धडे देत, त्यांच्याच राजधानींत उपासमार, व्यसनें आणि दरबारी दुराचार कसा माजला आहे, हें एक इंग्रजच छातीठोकपणें सांगत होता. पाठ्यपुस्तकांतलें इंग्लंड आणि रेनॉल्ड्सचें इंग्लंड यांतील अंतर मोजतां मोजतां पुष्कळ वाचकांचें राजकीय शिक्षणहि झालें असल्यास नवल नाहीं.

विसाव्या शतकांत रेनॉल्ड्स झपाट्यानें विस्मृतींत गेला. स्वस्त कागदावरचे अंक फाटले, रद्दींत गेले. आणि वाङ्मयेतिहास ज्यांनीं लिहिला त्यांच्या कपाटांत ते कधीं नव्हतेच. १९७५ सालीं 'वॅग्नर'ची नवी आवृत्ति अमेरिकेंत निघाली, आणि त्यानंतर 'मिस्टरीज ऑफ लंडन'हि पुन्हां छापली जाऊन विद्यापीठांतून अभ्यासली जाऊं लागली. एके काळीं ज्याच्यापासून विद्यार्थ्यांना दूर ठेवावें असा उपदेश होई, त्याच्यावर आतां प्रबंध लिहिले जातात.

म्हणून हा लेखक डिकन्सच्या पंक्तीला बसतो असें मुळींच नाहीं. डिकन्स पुन्हां पुन्हां वाचावासा वाटतो. रेनॉल्ड्स एकदां वाचून संपतो. परंतु लेखकाची प्रतवारी लावणें आणि त्याच्या वाचकांना तुच्छ लेखणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्या काळच्या टीकाकारांनीं त्यांची गल्लत केली. ज्याच्या खिशांत एकच पेनी असते तो ती उगाच उधळीत नाहीं. तिच्या मोबदल्यांत त्याला भीति हवी होती हें खरें; पण ती त्याच्या स्वतःच्या आयुष्यांतील भीति होती, फक्त तिला तोंड आणि नांव हवें होतें. आश्रयगृहाच्या दाराशीं येऊन ठेपलेल्या त्या नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याला रेनॉल्ड्सनें निदान लांडग्याचे दांत तरी दिले. डिकन्सच्या दिवाणखान्यांतून तें भेसूर दिसलें. फेरीवाल्यांच्या घोळक्यांत, मिणमिणत्या दिव्याशीं, तेंच ऐकतांना माणसें एकमेकांच्या जवळ सरकून बसत.