हिशोब कुणाच्या नावाचा?



मागच्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या दाराच्या फटीतून एक तपकिरी पाकीट आत पडलं. इथे लेस्टरला टपाल असंच येतं. पाकिटावर फक्त माझं नाव होतं, ह्यांचं नव्हतं. आत १०० पौंड दंडाची नोटीस होती.

मी घरी बसून भाषांतराचं आणि सबटायटलचं काम करते. नोकरी नाही. काम आलं की करायचं, बिल पाठवायचं आणि पैशाची वाट बघायची. अशा माणसाने इथे आपलं विवरणपत्र आपणच भरायचं असतं. मी नोंदणी केली होती, पण त्या वर्षीची माझी कमाई १२,५७० पौंडांच्या करमुक्त मर्यादेच्या बरीच खाली होती. कर शून्य, मग फॉर्म कशाला, असं मी धरून चालले आणि ३१ जानेवारी निघून गेली. कर शून्य असला तरी फॉर्म उशिरा गेला की १०० पौंड दंड बसतो, हे मला पाकीट उघडल्यावर कळलं. चूक सर्वस्वी माझीच.

त्या संध्याकाळी शेजारच्या बा आल्या. बा आता ऐंशीच्या पुढे आहेत. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला, तेव्हा नवरा आणि दोन मुलं यांच्यासह त्या इथे आल्या. त्यांनी पाकीट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "तुझ्या एकटीच्या नावाने आलंय?"

"हो बा. दंड आहे."

"असू दे बेटा. माझ्या नावाने तर कधी दंडपण आला नाही."

मी हसले. बा हसल्या नाहीत. मग त्यांनी सांगितलं. लेस्टरच्या होजिअरी कारखान्यांसाठी पंधरा वर्षं त्यांनी घरी शिवणकाम केलं. मागच्या खोलीत मशीन होतं, नगावर पैसे मिळायचे. रोज किती नग झाले ते त्या गुजरातीत चोपडीत लिहायच्या. पण कराचे सगळे कागद बापूजींच्या नावाने यायचे. बाच्या कमाईचा आकडा बापूजींच्या फॉर्मवर आणि सही बापूजींची.

मला वाटलं, ही त्यांच्या घरातली पद्धत असेल. दुसऱ्या दिवशी वाचायला बसले तेव्हा कळलं की ती पद्धत नव्हती. तो या देशाचा कायदा होता. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

आधी त्या विचित्र तारखेची गोष्ट

इथलं कराचं वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि ५ एप्रिलला संपतं. पहिल्या वर्षी मला ही छपाईची चूक वाटली होती! त्यामागे जुनं कारण आहे. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. देणीघेणी, भाडी, सरकारी हिशोब या दिवसाला बांधलेले असत. आपल्याकडे वह्या दिवाळी-पाडव्याला बांधलेल्या असतात, तसंच ते. १७५२ मध्ये त्यांनी पंचांग सुधारलं. २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला आणि मधले ११ दिवस गाळले गेले. पण वर्षाचा हिशोब ११ दिवस आधी बंद करायला कोण तयार होणार? २५ मार्चमध्ये ११ मिळवले की ५ एप्रिल. सरकारी हिशोबाचं वर्ष ५ एप्रिलला संपू लागलं आणि सामान्य माणसाच्या कराचं वर्ष आजही तिथेच अडकून आहे.

भारतात आपण १ एप्रिल धरतो. मधल्या या पाच दिवसांचा मला दरवर्षी त्रास होतो, तो पुढे सांगते.

आयकर स्वतः त्यानंतर आला. फ्रान्सशी युद्ध चाललं होतं, तिजोरीत पैसे नव्हते, म्हणून पंतप्रधान पिट यांनी १७९९ मध्ये तो बसवला. ६० पौंडांखाली वार्षिक मिळकत असेल त्याला माफी, २०० पौंडांवर असेल त्याने दहावा हिस्सा द्यायचा. तो १८०२ मध्ये रद्द झाला, १८०३ मध्ये परत आला, १८१६ मध्ये पुन्हा रद्द झाला. १८४२ मध्ये पील यांनी तो तीन वर्षांपुरता म्हणून परत आणला. ती तीन वर्षं अजून संपलेली नाहीत. आजही हा कर कागदोपत्री तात्पुरताच आहे आणि संसद तो दरवर्षी नव्याने मंजूर करते. १८५७ च्या उठावानंतर तिजोरी रिकामी झाली, तेव्हा जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये हाच कर भारतातही आणला.

बायकोची कमाई नवऱ्याची

आता बाच्या फॉर्मकडे येते. १८४२ च्या कायद्यात असं होतं की नवऱ्याबरोबर राहणाऱ्या विवाहित स्त्रीची मिळकत ही नवऱ्याची मिळकत मानायची. म्हणजे फॉर्म त्याने भरायचा, कर त्याने द्यायचा, बायकोने आपला आकडा त्याला सांगायचा. त्या काळात इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीची मजुरीसुद्धा कायद्याने नवऱ्याच्या ताब्यात जायची. मजुरीपुरता तो नियम १८७० मध्ये बदलला आणि १८८२ च्या कायद्याने तिला स्वतःची मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवता आली. आपल्याकडे स्त्रीधन ही कल्पना किती जुनी आहे, ते आठवून मला नवल वाटलं. (आपल्याकडे ते प्रत्यक्षात किती पाळलं गेलं, हा वेगळा विषय आहे!) पण १८८२ नंतरही आयकराचा नियम तसाच राहिला. मालमत्ता तिची आणि कराच्या कागदावर मालक तो.

यातून मोठा गोंधळ झाला. १९०९ मध्ये काही स्त्रियांनी 'विमेन्स टॅक्स रेझिस्टन्स लीग' ही संघटना काढली. मत नाही तर करही नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्यापैकी डॉ. एलिझाबेथ विल्क्स यांनी आपल्या कमाईवरचा कर भरायला नकार दिला. सरकारने तो त्यांच्या नवऱ्याकडे मागितला. मार्क विल्क्स शाळामास्तर होते. बायकोच्या कमाईवरचा कर ते कुठून देणार? १९१२ मध्ये त्यांना ब्रिक्स्टनच्या तुरुंगात टाकलं. बाहेर सभा-निदर्शनं झाली आणि मग त्यांना सोडलं. बायकोच्या हिशोबासाठी नवरा तुरुंगात गेला, हे वाचून मी ह्यांना हाक मारली आणि तो परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला.

याच संघटनेत एक आपली स्त्रीही होती. महाराजा रणजितसिंहांची नात सोफिया दुलीपसिंह. ती इथेच वाढली, राणी व्हिक्टोरियाने मानलेली मुलगी, पण मताच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरली. कुत्री पाळण्याचे, बग्गी ठेवण्याचे परवाने लागायचे, त्याचे पैसे तिने भरले नाहीत. १९११ मध्ये तिची हिऱ्यांची अंगठी जप्त करून लिलावात काढली. सोबतच्या एका स्त्रीने ती विकत घेतली आणि तिलाच परत केली.

मत १९१८ मध्ये काही स्त्रियांना आणि १९२८ मध्ये पुरुषांच्या बरोबरीने सगळ्यांना मिळालं. फॉर्म मात्र नवऱ्याचाच राहिला. बा मशीनवर बसत होत्या त्या १९७० च्या दशकात बायकोच्या कमाईची वेगळी आकारणी मागता येऊ लागली होती, पण तो अर्ज दोघांनी मिळून करायचा होता आणि बायकोच्या ठेवीवरचं व्याज तरीही नवऱ्याच्याच मिळकतीत धरलं जायचं. बा आणि बापूजींना हे कुणी सांगितलंच नाही. शेवटी अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी १९८८ च्या अर्थसंकल्पात बदल जाहीर केला आणि ६ एप्रिल १९९० पासून नवरा आणि बायको करापुरते दोन स्वतंत्र माणसं झाले.

१९९० म्हणजे कालचंच की. मी तेव्हा सांगलीजवळच्या आमच्या गावात शाळेत जात होते.

बाचं मशीन १९८८ मध्ये, डोळ्यांच्या ऑपरेशननंतर, बंद झालं होतं.

याने काय बिघडलं?

मी बांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बापूजींनी एक पैसा लपवला नाही." ते खरंच आहे. बापूजींनी आकडे चोख लिहिले. पण पेन्शनची वेळ आली तेव्हा बाच्या नावावर स्वतःची वर्षंच नव्हती. जुन्या नियमाने अशा पत्नीला नवऱ्याच्या नोंदीवर पेन्शन मिळायची, तीही त्याच्या मूळ पेन्शनच्या साठ टक्क्यांपर्यंत. पंधरा वर्षं पाठ मोडून शिवलेल्या बाईला जी मिळाली ती बायको म्हणून मिळाली.

माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक, डावीकडे जमा, उजवीकडे नावे, रात्री कीर्द मिळाल्याशिवाय ते झोपत नसत. कूळवार खाती होती, घरखर्चाचं खातं होतं. आई दुकानासाठी पापड लाटायची, डाळी निवडायची. तिच्या नावाचं पान त्या वहीत कधी नव्हतं. आणि मी? माझी पहिली दोन वर्षांची बिलं मी ह्यांच्या खात्यात जमा करवली. "आपलं किरकोळ आहे," असं म्हणून. मला कुणी कायदा लावला नव्हता.

आणखी एक मनातलं बोलते. आपल्या बायका इथे डबे देतात, मेंदी काढतात, शिकवण्या घेतात, खाखरे करून विकतात. पैसे रोख येतात आणि कोण बघतंय, असं आपण म्हणतो. पाठशाळेत आपण अचौर्य अणुव्रताचे अतिचार शिकलो आहोत. त्यात विरुद्धराज्यातिक्रम आहे. राज्याचे नियम ओलांडून व्यवहार करणं, कर चुकवणं हे त्यातच धरतात. मी ते पाठ म्हणत होते आणि स्वतःच्या कमाईला हिशोबातच धरत नव्हते.

आता मी काय करते

दंड भरला, फॉर्म भरला, आणि बारा पानांची शिवलेली वही करतो तशी एक साधी पद्धत लावून घेतली. तुमच्या उपयोगाची असेल म्हणून लिहिते.

स्वतःच्या नावाचं वेगळं बँक खातं उघडलं. कामाचे पैसे त्यातच येतात, कामाचा खर्च त्यातूनच होतो. दर रविवारी सकाळी सामायिक झालं की अर्धा तास हिशोब. बिलाला क्रमांक, तारीख, पैसे कधी आले. परदेशी पैशात आले असतील तर त्या दिवसाचा दर बाजूला लिहायचा. पावतीचा फोटो त्याच दिवशी काढायचा, कारण थर्मल कागदावरची अक्षरं हळूहळू उडतात.

वर्षाला १,००० पौंडांपर्यंतची अशी उलाढाल असेल तर साधारणपणे कळवावी लागत नाही. त्यावर गेली की ५ एप्रिलला संपलेल्या वर्षासाठी पुढच्या ५ ऑक्टोबरपर्यंत नोंदणी करायची आणि ३१ जानेवारीपर्यंत ऑनलाइन फॉर्म भरायचा. घरून महिन्याला २५ तास किंवा जास्त काम असेल तर वीज-गॅसच्या भानगडीत न पडता तासांनुसार १०, १८ किंवा २६ पौंड महिना खर्च धरता येतो. कागदपत्रं त्या ३१ जानेवारीनंतर पाच वर्षं जपायची. आलेल्या पैशातला पाचवा हिस्सा मी लगेच बाजूला काढते, कारण कर हजार पौंडांवर गेला की पुढच्या वर्षाचा अर्धा हप्ताही बहुधा सोबतच मागतात.

सांगलीच्या बँकेत माझी ठेव आहे. तिचं व्याजही इथे दाखवते. तिथला दाखला मार्चअखेरचा आणि इथलं वर्ष ५ एप्रिलचं, म्हणून खात्याचा उतारा काढून तारखा जुळवते. तिथे कापलेल्या कराची वजावट करारातल्या मर्यादेपर्यंत इथे मिळते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नफा कमी असेल तरी ऐच्छिक नॅशनल इन्शुरन्स भरून ते वर्ष आपल्या पेन्शनमध्ये धरता येतं. कमीत कमी दहा वर्षं लागतात, नव्या नोंदीवर पूर्ण पेन्शनला पस्तीस. ही वर्षं आता नवऱ्याच्या नोंदीतून मिळत नाहीत. प्रत्येकीने आपली आपणच जमवायची आहेत.

या जानेवारीत मी फॉर्म दहा दिवस आधी भरला. बा शेजारी बसून बघत होत्या. शेवटी पडद्यावर पावती आली, वर माझं नाव. बांनी चष्मा लावून ते वाचलं. मग म्हणाल्या, "माझी चोपडी माळ्यावर आहे. तुला काढता येईल का?"

काढली. निळ्या कापडाची बांधणी, आत ओळीने तारखा आणि नग. पहिल्या पानावर बाने स्वतःचं नाव लिहिलेलं आहे.

जय जिनेंद्र.