चित्रातला डोळा आणि फाइलीतला आकडा

चक्रीवादळ किनाऱ्याकडे सरकू लागले, की जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षातून हवामान खात्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो : वाऱ्याचा वेग किती? सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही हाच प्रश्न विचारीत असे, आणि मिळालेला आकडा हे मोजमापच आहे असे समजून तो फाइलीत उतरवून घेत असे. भर समुद्रात तो वेग मोजायला सहसा कोणीच नसते, वरून घेतलेले चित्र वाचून तो ठरविलेला असतो, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. या वाचनविद्येचा इतिहास प्रशासनात काम करणाऱ्याने समजून घ्यावा असा आहे.

टायरॉस-१ हा पहिला यशस्वी हवामान उपग्रह अमेरिकेने १ एप्रिल १९६० रोजी सोडला, आणि त्याच महिन्यात त्याने दक्षिण पॅसिफिकवरील एका चक्रीवादळाचे चित्र पाठविले. वादळ कोठे आहे, हे आता आकाशातून दिसू लागले. ते किती बलवान आहे, हे चित्रावरून सांगण्याची खात्रीची रीत मात्र अद्याप सापडलेली नव्हती. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री पूर्व पाकिस्तानातील भोला परिसरावर जे वादळ आदळले, ते उपग्रहांनी आधीच टिपलेले होते. तरीही त्यात तीन ते पाच लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे.

ती रीत बसविली अमेरिकेच्या हवामान सेवेतील व्हर्नन ड्वोरॅक यांनी. १९७५ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि १९८४ मध्ये त्यांनी अवरक्त चित्रांसाठी ही पद्धत विस्तारली. चित्रात वारा दिसत नाही, पण ढगांची ठेवण दिसते, आणि ती ठेवण वाऱ्याच्या बळानुसार बदलत जाते, हे या पद्धतीचे मर्म. प्रथम ढगांचा वक्र पट्टा केंद्राभोवती किती गुंडाळला गेला आहे, ते पाहायचे. पुढे केंद्रावर दाट ढगांचे झाकण बसते आणि अखेरीस त्यात डोळा उघडतो. अवरक्त चित्रात डोळा जितका उबदार आणि त्याभोवतीचे ढगांचे कडे जितके थंड, तितके वादळ प्रबळ. या साऱ्यावरून १ ते ८ या पट्टीवर एक टी-अंक ठरतो. टी २.५ म्हणजे ३५ नॉट, टी ६ म्हणजे ११५ नॉट, टी ७ म्हणजे १४० नॉट. सर्वसाधारण वादळ दिवसाला सुमारे एक टी-अंक चढते, असे ड्वोरॅक यांचे निरीक्षण होते.

अडचण येते ती झपाट्याने चढणाऱ्या वादळाच्या वेळी. रात्री ढगांचे माथे अधिक थंड होतात, त्यामुळे नुसत्या थंडाव्यावर विसंबले तर फसगत होते. उलट कधी डोळा खाली तयार झालेला असतो, पण वरच्या विरळ ढगांच्या पडद्यामुळे तो दिसत नाही. सूक्ष्मलहरींची चित्रे त्या पडद्याखालचे दाखवितात, पण ती घेणारे उपग्रह एका ठिकाणावरून दिवसातून मोजक्याच वेळा जातात. अमेरिकेत वादळात विमाने पाठवून शहानिशा करता येते. बंगालच्या उपसागरावर तशी नियमित सोय नाही. तेथे उपग्रहचित्र हाच मुख्य आधार.

ऑक्टोबर १९९९ मध्ये तेव्हाच्या ओरिसाच्या किनाऱ्याकडे येणाऱ्या वादळाला आपल्या हवामान खात्याने टी ७ हा अंक दिला होता. म्हणजे वादळ भयंकर आहे, हे वाचले गेले होते. पण ते चित्र गावापर्यंत पोहोचविणारी व्यवस्थाच अपुरी होती. निवारा केंद्रे मोजकी होती, आणि वादळ आल्यावर संपर्काची साधने कोलमडली. २९ ऑक्टोबरला ते पारादीपच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. सुमारे दहा हजार माणसे गेली. जगतसिंहपूर जिल्ह्यातील एरसमा भागात समुद्राच्या लाटेने सर्वाधिक बळी घेतले.

चौदा वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याच राज्याची पुन्हा परीक्षा झाली. फायलिन हे ९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी चक्रीवादळ ठरले आणि ११ तारखेच्या सकाळपर्यंत ११५ नॉटवर गेले. म्हणजे जेमतेम दीड दिवसात साडेतीन टी-अंकांची चढण. अमेरिकी केंद्राचा आकडा १४० नॉटपर्यंत गेला आणि भारतीय खाते वादळाला कमी लेखत आहे, अशी टीका झाली. यात वाचकांच्या निर्णयाइतकाच हिशेबाचाही फरक होता : अमेरिकी केंद्र एका मिनिटाची सरासरी धरते, आपण तीन मिनिटांची. आपले खाते आपल्या वाचनावर ठाम राहिले. १२ तारखेच्या रात्री गोपाळपूरजवळ वादळ आले तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २१५ किलोमीटर असल्याचे खात्याने नोंदविले.

प्रशासकाच्या दृष्टीने मला महत्त्वाचे वाटते ते हे, की राज्य सरकार या वादाच्या निकालासाठी थांबले नाही. १९९९ नंतर उभारलेली निवारा केंद्रे आणि राज्याचे आपत्ती प्राधिकरण हाताशी होते. सुमारे दहा लाख लोक आधीच हलविले गेले, आणि वादळाने घेतलेले बळी हजारांत गेले नाहीत. ११५ असो वा १४०, कच्च्या घरातील माणसाला बाहेर काढायचेच होते.

ही विद्या आजही अपुरी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोच्या अकापुल्को शहरावर ओटिस आदळले, तेव्हा साधारण एक दिवस आधीपर्यंत ते मध्यम बळाचेच राहील असा अंदाज होता. विमान आत शिरले, तेव्हा वारा उपग्रहावरून केलेल्या अंदाजापेक्षा बराच अधिक निघाला, आणि किनाऱ्यावर ते पाचव्या श्रेणीचे होऊन पोहोचले. तेथे लोकांना हलविण्यास अवधीच उरला नव्हता.

म्हणून नव्या अधिकाऱ्यांना मी सांगतो, की आकडा जरूर विचारा, पण त्याच्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. बारा तासांपूर्वी तो किती होता? तो किती चुकू शकतो? आणि आपल्या शेवटच्या गावातील शेवटचे कुटुंब हलवायला किती तास लागतील? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे हवामान खाते देईल. तिसऱ्याचे उत्तर कोणत्याही उपग्रहचित्रात सापडणार नाही. ते आपल्या दप्तरात, वादळ येण्यापूर्वीच, तयार असले पाहिजे.