अँटॉप हिलचा 'नायकन' आणि हिंदीतला 'दयावान'

अँटॉप हिल, शीव-कोळीवाडा आणि धारावी या पट्ट्यातल्या तमिळ वस्त्यांत वरदराजन मुदलियारचे बस्तान बसले ते हातभट्टीच्या दारूवर. बोरीबंदरावरचा हा एकेकाळचा हमाल पुढे वस्तीतली भांडणेही सोडवू लागला. 1980 च्या दशकात पोलिसांनी त्याचे अड्डे मोडले. तो मद्रासला परतला आणि जानेवारी 1988 मध्ये तिथेच वारला.

त्याच्या आयुष्यावर बेतलेला मणिरत्नमचा तमिळ 'नायकन' 1987 च्या दिवाळीत आला. त्यासाठी कमल हासनला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि मद्रासच्या स्टुडिओत धारावी उभी करणाऱ्या तोट्टा तरणींनाही. वर्षभरात फिरोज खानने त्याचा हिंदी अवतार 'दयावान' काढला. खरी धारावी मुंबईतच होती, पण वस्तीचा वास मद्रासच्या सेटलाच अधिक आला! 'दयावान' भडक आणि सैल झाला. चर्चा उरली ती विनोद खन्ना-माधुरी दीक्षित यांच्या प्रणयदृश्याची.

त्या गदारोळात झाकला गेला तो खन्नाचा अभिनय. रजनीशांच्या आश्रमातून 'इन्साफ'द्वारे 1987 मध्ये पडद्यावर परतलेल्या या नटाने नायक शक्ती वेलूचे वार्धक्य संथ चालीतून आणि थकलेल्या नजरेतून उभे केले. मुलगी बापाला जाब विचारते तेव्हा संवादांपेक्षा त्याचे गप्प बसणे भारी ठरते. कमलची सूक्ष्मता त्यात नाही; पण सैल पटकथा अखेरपर्यंत ओढून नेली ती त्यानेच.