डुकरांमधील विषाणुरोधी प्रतिकारशक्ती

डुकरांमधील विषाणुरोधी प्रतिकारशक्ती म्हणजे विषाणुजन्य रोगांपासून डुकराचे रक्षण करणारी शरीरयंत्रणा होय. तिची मूलभूत रचना इतर सस्तन प्राण्यांसारखीच असली, तरी नवजात पिल्लाचे संरक्षण जवळजवळ पूर्णपणे मातेच्या चिकावर अवलंबून असते.

चिकाचे महत्त्व

डुकरिणीच्या वारेतून मातेची प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचत नाहीत; मानवात ती पोहोचतात. त्यामुळे पिल्लू जवळपास प्रतिपिंडांविना जन्मते. चिकातील प्रतिपिंडे आतड्यातून थेट रक्तात शोषली जातात, मात्र ही क्षमता जन्मानंतर साधारण २४ ते ३६ तासांत संपते. मोठ्या वेतात उशिरा जन्मलेल्या व अशक्त पिल्लांना चीक कमी मिळतो आणि तीच प्रथम रोगास बळी पडतात. पुढे दुधातील प्रतिपिंडे रक्तात जात नाहीत. ती आतड्यातच राहून रोटा विषाणूसारख्या अतिसारकारक विषाणूंना अटकाव करतात.

पेशींची भूमिका

बाधित पेशी इंटरफेरॉन स्रवून शेजारच्या पेशींना सावध करतात. नंतर टी पेशी बाधित पेशी नष्ट करतात, तर बी पेशींपासून प्रतिपिंडे तयार होतात. डुकराच्या लसिका ग्रंथींची अंतर्रचना इतर बहुतेक प्राण्यांच्या तुलनेत उलटी असते.

लसीकरण

मातेकडून मिळालेली प्रतिपिंडे लसीतील जिवंत विषाणूलाही निष्प्रभ करतात. म्हणून लसीकृत मातेच्या पिल्लांना क्लासिकल स्वाइन फीवरची लस साधारणतः दीड ते दोन महिन्यांच्या वयात देतात. भारतात ही लस पूर्वी सशांच्या प्लीहेपासून बनवत. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने विकसित केलेली पेशीसंवर्धित लस २०२० मध्ये सादर झाली. जालना जिल्ह्यासह मराठवाड्यात डुकरे अनेकदा मोकाट फिरतात. अशा पिल्लांचे वय आणि मातेचे लसीकरण ठाऊक नसल्याने योग्य वेळ साधणे कठीण जाते.

आफ्रिकन स्वाइन फीवर

नाव व लक्षणे मिळतीजुळती असली, तरी हा रोग सर्वस्वी वेगळ्या विषाणूमुळे होतो. क्लासिकल स्वाइन फीवरची लस त्यावर निरुपयोगी ठरते. हा विषाणू रोगजंतू गिळणाऱ्या महाभक्षी पेशींमध्येच वाढतो आणि प्रतिपिंडे त्याला पुरेसे निष्प्रभ करू शकत नाहीत. भारतात तो २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात प्रथम आढळला. न शिजवलेल्या डुकराच्या मांसात तो दीर्घकाळ टिकतो, त्यामुळे हॉटेलांतील खरकटे डुकरांना न उकळता घालणे विशेष धोक्याचे असते.