सिग्नल दलाचे मानचिन्ह : मर्क्युरी आणि ‘तीव्र चौकस’

भारतीय लष्कराच्या मानचिन्हांचा विचार बहुधा पायदळाच्या रेजिमेंटपुरताच होतो. संदेशवहनाचे कार्य करणाऱ्या सिग्नल दलाचे चिन्ह त्यामानाने दुर्लक्षित राहिले आहे. वस्तुतः स्वातंत्र्यानंतर वसाहतकालीन वारशातील काय टाकले आणि काय राखले, हे जाणण्यास ते चिन्ह विशेष उपयुक्त आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तारयंत्र, निशाणे व सूर्यप्रकाश परावर्तित करणारा हेलिओग्राफ ही साधने प्रामुख्याने सॅपर्स अँड मायनर्स या अभियंता पलटणींच्या हाती होती. १५ फेब्रुवारी १९११ रोजी फत्तेगड येथे ३१ व ३२ क्रमांकाच्या डिव्हिजनल सिग्नल कंपन्या उभारण्यात आल्या. रॉयल इंजिनिअर्सचे लेफ्टनंट कर्नल एस. एच. पॉवेल हे या उभारणीचे सूत्रधार होते. हाच दिवस आज दलाचा स्थापना दिन मानला जातो. पुढे जबलपूर हे प्रशिक्षणाचे प्रमुख केंद्र झाले.

ब्रिटनमध्ये स्वतंत्र सिग्नल दल मात्र १९२० मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी, अस्तित्वात आले. त्याच्या चिन्हावर रोमन देवदूत मर्क्युरी आहे : पायांना पंख, हाती सर्पवेष्टित दंड, एका पायावर तोललेले शरीर. ही आकृती जांबोलोन्या या शिल्पकाराच्या सोळाव्या शतकातील कांस्यमूर्तीवर बेतलेली आहे. सैनिक तिला ‘जिमी’ म्हणतात. भारतीय दलानेही हीच आकृती स्वीकारली.

१९५० मध्ये भारत प्रजासत्ताक झाल्यावर लष्करी चिन्हांतील राजमुकुट गेला व अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष आले. मर्क्युरी मात्र राहिला. नारद किंवा हनुमान यांच्यासारखे दूत परंपरेत असूनही परकीय देवता टिकली, याचे नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मुकुट सार्वभौमत्वाचे चिन्ह होते, मर्क्युरी व्यवसायाचे. सत्ता बदलली, काम बदलले नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या चिन्हातील बिगुलाची कथा याहून फार निराळी नाही. विखरून लढणाऱ्या हलक्या पायदळाला आज्ञा बिगुलानेच पोहोचत. म्हणून ते वाद्यही मुळात संदेशवहनाचेच साधन होय.

ब्रीदवाक्य मात्र बदलले, आणि हा बदल केवळ भाषांतराचा नाही. ब्रिटिश दलाचे ‘सर्टा सिटो’ हे लॅटिन ब्रीद अचूकता आणि त्वरा सांगते. त्यात अचूकता आधी येते. भारतीय दलाच्या ‘तीव्र चौकस’ मध्ये त्वरा आधी आहे. शिवाय ‘चौकस’ हा शब्द येथे हिंदीतील ‘सावध’ या अर्थाने योजला आहे. मराठी वाचकाच्या मनात त्याने बारकाईने विचारपूस करणारा माणूस उभा राहतो, हा भाग वेगळा. लॅटिन ब्रीदाचा भर संदेश निश्चित पोहोचण्यावर आहे, तर भारतीय ब्रीदाचा तो पोहोचविणाऱ्या सैनिकाच्या जागरूकतेवर.